साऊचे कोरडे हात

२ मार्च, सोमवार
साऊला घेऊन बीडला गेले, मुलांच्या डॉक्टरांकडे. दीड तास नंबर लागेना. तीन वर्षांची पोर वरण-भाताला हात लावत नाही, कुस्करलेली भाकरी पुढे केली तर बोटं आखडून घेते, मोज्यांशिवाय अंगणात उतरत नाही. डॉ.नी सगळं तपासलं. आजार काही नाही म्हणाले. हाताला ओल्या-सुक्याची, मऊ-खरखरीतची सवयच नाही, खेळू द्या. आणि एक छापील कागद दिला. टबात पाणी. साबणाचा फेस. ओली माती, चिखल.
चिखल! म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे टँकर चौथ्या दिवशी येतो. "मग सुकं काहीतरी बघा." एवढंच.
परतीच्या एसटीत साऊ मांडीवर, दोन्ही हात स्वतःच्या काखेत.

४ मार्च, बुधवार
टँकर नाही. टब आहे, पण त्यात प्यायचं पाणी साठवलेलं.
३० तारखेपासून दूध संघाचं प्रशिक्षण, बीडला, पंधरा दिवस, दहा ते पाच. दुधाचं फॅट मोजायचं नवीन मशीन. गेले नाही तर आपल्या सोसायटीच्या दूध केंद्रावर माझ्या जागी दुसरी बाई बसवणार, सचिवांनी तोंडावर सांगितलंय. त्याच सुमारास सासूबाई म्हशी घेऊन चारा छावणीत. हे दुधाची गाडी घेऊन पहाटे जातात ते संध्याकाळी उगवतात. म्हणजे साऊ अंगणवाडीत, आणि तिथली खिचडी स्वतःच्या हातानं खायची. सेविकाबाई म्हणतात, "एवढी लेकरं हायती, एकेकाला कुठवर भरवू?" चमचा देऊन पाहिला. सांडली, बोटाला लागली, मग तासभर रडणं.

५ मार्च, गुरुवार
परातीत ज्वारी, तूर, सरकी ओतून दिली. साऊ भिंतीला टेकून लांबून बघत राहिली. तेवढ्यात सासूबाई.
"धान्य काय खेळायची चीज हाय का? दुष्काळात तरी लाज धरावी मानसानं."
सगळं घाईत एकाच डब्यात भरलं. आता बसा निवडत.

८ मार्च, रविवार
चुकलं माझं. भाकरीच्या ओल्या पिठात तिचा हात धरून दाबला. म्हटलं दोन मिनिटं रडेल, मग सवय होईल. रडता रडता उलटी केली. फ्रॉक, सतरंजी, माझी साडी. अख्खी घागर त्यात गेली.
सासूबाईंनी सतरंजी उचलून अंगणात वाळत टाकली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
रात्री कागद पुन्हा काढला. खाली लिहिलंय, बळजबरी करू नये. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं, चिखलावरच चिडून घडी घातली होती.

१२ मार्च, गुरुवार
टँ. आला. दोन तास उन्हात, सात घागरी, एक भांडण. घरात पाय टाकला तर साऊ बाहुलीशी बोलत होती.
"हात लावू नको गं! धुवायला पानी न्हाई. किती डाव सांगू?" आणि बाहुलीच्या हातावर चापट.
माझाच आवाज. चापटसुद्धा माझीच.
रांगायला लागली तेव्हापासून हेच ऐकतेय पोर. शेणाला हात नको, मातीला नको, राखेला नको, वरणाला नको. हात धुवायचा म्हणजे तांब्याभर पाणी, म्हणून मी पोरीला घाणच होऊ दिलं नाही. शेजारणी म्हणायच्या, लई टापटीप लेकरू हाय, आणि मी फुगायचे. डॉ.ना यातलं काहीच सांगितलं नाही. लाज वाटतेय, स्वतःचाच राग येतोय.
ह्यांना सांगितलं. "मंग आता काय, मातीत लोळवतीस का?" एवढं बोलून जेवायला बसले. यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१७ मार्च, मंगळवार
सासूबाईंनी तो मिसळलेला डबा परातीत उपडा केला आणि साऊला हाक मारली. "खेळायचं न्हाई बरं का. काम हाय. तूर येगळी काढ, सरकी येगळी."
आणि ही बसली! अर्धा तास. एकेक दाणा, दोन बोटांनी. सरकीचं पांढरं बोटाला चिकटलं तेव्हा तोंड वाकडं केलं, झटकलं, पुन्हा चालू.
मी खेळ म्हटलं की नाही. त्यांनी काम म्हटलं की लगेच हो. लई आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, जळफळाटही झाला.

२२ मार्च, रविवार
गोणपाट चालतं, राख चालते, कोरडं पीठ चालतं. काल दारापर्यंत अनवाणी जाऊन आली. ओलं मात्र नाही. ओल्या कपड्याचा कोपरा लागला तरी हात फ्रॉकला घासत राहते. आठ दिवस उरले.

२३ मार्च, सोमवार
सासूबाई छावणीतली जागा बघायला गेलेल्या, म्हणून सकाळी साऊला केंद्रावर नेलं. दूध घालणाऱ्यांची रांग. साऊ स्टुलावर. कॅनमध्ये दूध ओतलं की वर फेस चढतो, तो बघत होती. आणि कुणी न सांगता तिनं फेसाकडे हात नेला. आपण होऊन! ओल्याकडे!
आणि मी ओरडले, "हात!"
काय करू? सगळ्या गावाचं दूध, पुढ्यात चेअरमन उभे. हात परत काखेत गेले. चेअरमन म्हणाले, "ताई, लेकराला घरी ठिवत जा." घरी कुणाजवळ, तेही सांगा की. केंद्र बंद होईस्तोवर रडू दाबून धरलं.

२६ मार्च, गुरुवार
आता तूर-सरकीलाही शिवत नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय केलंस गं?" सांगितलं. आज त्या म्हशी घेऊन गेल्या. जाताना, "पोरीवर वरडू नको." हं.

२८ मार्च, शनिवार
टँ. नाही, तिसरा दिवस. साऊला केंद्रावर न्यावंच लागलं. रांगेत शेवटी सखूबाई, एका म्हशीच्या मालकीण. सोमवारचा तमाशा त्यांनी पाहिलेला. मी माप पुढे केलं तर त्यांनी किटली मागे घेतली.
"दम धर. मापात पडंस्तोवर दूध माजं हाय, सोसायटीचं न्हाई."
किटलीच्या झाकणात फेसाचं दूध ओतून साऊपुढे ठेवलं. "बुडिव गं माय. कुनी काय म्हननार न्हाई."
साऊनं झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हात धुवायला पानी हाय?"
कॅन धुण्यातच सगळं संपलेलं. पिशवीत माझी प्यायची बाटली. म्हटलं, "हाय."
एक बोट बुडवलं, नखाएवढं. लगेच पुढे केलं. धुतलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा धुतलं. चार बोटं. मग अख्खा पंजा, आणि पंजा झाकणात गोल गोल फिरवत बसली. सखूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.
हात पुढे आला तोवर बाटली रिकामी. पदरानं पुसू गेले तर ओढून घेतला. तशीच घरी आली, हात अंगापासून लांब धरून, बोटांवर दूध वाळत चाललेलं. वाटेत तीनदा विचारलं, पानी कवा येईल. येईल म्हटलं. अजून रडलेली नाही.
परवा अंगणवाडी.