तिसरा झगा

सोमवार, २ तारीख

पोचले एकदाची! खोली काडेपेटीएवढी आहे, पण खिडकी उघडली की थेट पाणथळ, पलीकडे लव्हाळी आणि वर एवढं मोठं आभाळ. पलंग कुरकुरतो, नळाला आधी तांबडं पाणी येतं, उशीला कुबट वास आहे. तरी मी खूष आहे. इतकी वर्षं शाळेत फळ्यावर पक्षी काढले, आता खरे सांभाळणार. निघताना ताईने बजावलं, की नाकावरचा राग घरीच ठेवून जा. मी म्हटलं, पक्ष्यांशी कशाला भांडेन मी?

हे केंद्र म्हणजे पांढऱ्या करकोच्यांचं बाळंतघरच. मोकळ्या रानात ही जात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. आधी पाणथळी बुजवल्या, विजेच्या तारा ओढल्या, आणि पक्षी संपत आल्यावर सगळ्यांना एकदम कळवळा आला. इथे अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि उडायला लागली की कुंपणापलीकडे जाऊ द्यायची. यंदाची पिल्लं उडण्याच्या बेतात आहेत. आम्ही माणसं इनमीन तीन: साहेब, डॉक्टरबाई आणि मी.

बुधवार, ४ तारीख

काम मजेशीर आहे. जो भरवतो त्याला पिल्लू आई समजतं, आणि माणसाला आई समजलेलं पिल्लू पुढे कुठल्याही माणसाजवळ विश्वासाने जातं. म्हणून पिल्लाने माणूस पाहायचाच नाही. कुंपणात जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर जाळी, आणि उजव्या हातात करकोच्याचं डोकं असलेली बाहुली. तिच्या चोचीने अळ्या उचलून द्यायच्या, चिखल टोचून दाखवायचा. आत अवाक्षर काढायचं नाही. डॉक्टरबाईंशीसुद्धा फक्त खुणा. आम्ही दोघी एकाच उंचीच्या, त्यामुळे झग्यात कोण कुठली ते आमचं आम्हालाही कळत नाही. साहेब झगा घालत नाहीत. म्हणाले, उकडतं.

सगळ्यात शेवटी जन्मलेलं एक पिल्लू लंगडतं. मी त्याला शेंडेफळ म्हणते, मनातल्या मनात.

सोमवार, ९ तारीख

आज तळपायाची आग मस्तकाला गेली आहे, म्हणून अक्षर असं येतंय.

साहेबांनी पाहुणे आणले. गॉगल, अत्तर, मोठमोठ्याने हसणं. झगे नाहीत, काही नाही. सरळ कुंपणात घुसले आणि हाताने पाव भरवला. एका बाईंनी पिल्लाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. मी साहेबांना बाजूला घेऊन विचारलं, की हे काय चाललंय? ते म्हणाले, लोकांना प्रेम वाटल्याशिवाय लोक मदत करत नाहीत, तुम्ही नवीन आहात, हळूहळू समजेल.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मला फ्रीजर उघडून दाखवला. गेल्या वर्षी सोडलेली पिल्लं होती आत, प्रत्येकाच्या पायात आमच्याच केंद्राचं कडं. एक रस्त्यावर गाडीसमोर जाऊन उभं राहिलं. एक शेतात माणसांच्या घोळक्यात गेलं, त्यांनी गंमत म्हणून मान पिरगाळली. एक कुत्र्याला मालक धरेल या भरवशावर हललंच नाही. ही सगळी पाव खाऊन वाढलेली. प्रेमाने मारलं त्यांना, प्रेमाने!

जाताना पाहुण्यांनी मला विचारलं होतं, की आम्ही आणखी काय करू शकतो? मी सांगितलं, लांब राहा. पाणथळीत भराव टाकू नका, कुत्री बांधून ठेवा, घरटं दिसलं तर पत्ता कुणाला सांगू नका, आणि लांब राहा. त्यांचे चेहरे पडले. लांब राहण्याचा फोटो निघत नाही ना!

बुधवार, ११ तारीख

आज माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय. शेंडेफळाचा पाय सुजला म्हणून त्याला शेडमध्ये घेतलं, झगा चिखलाने भरला होता म्हणून काढून ठेवला. ते थरथरायला लागलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, घाबरू नको रे सोन्या, मी आहे ना. ते शांत झालं. मग मी बोलतच राहिले. त्याने मान माझ्या मांडीवर टाकली. साहेबांना शिव्या घालते मी, आणि मी तरी काय वेगळं केलं?

शुक्रवार, १३ तारीख

विचित्र गोष्ट. जेवताना डॉक्टरबाई म्हणाल्या, की रोज भर दुपारी तुम्ही पिल्लांना लव्हाळ्यात नेता ते फार छान करता, मी खिडकीतून पाहते. मी म्हटलं, दुपारी मी खोलीत पाठ टेकते, पिल्लांना तुम्हीच नेता, मीही खिडकीतून पाहते. दोघीही घास हातात धरून बसलो.

कुंपणात बोलायचं नाही, तोंड दिसत नाही. म्हणून इतके दिवस त्यांना वाटलं मी, मला वाटलं त्या.

झगे पाहून आलो. दोनच आहेत. दोन्ही खुंटीवर.

सोमवार, १६ तारीख

आज आम्ही दोघींनी एकत्र खिडकीत उभं राहून पाहिलं. स्वच्छ ऊन होतं. पांढरा झगा पिल्लांच्या मध्ये चालत होता. आमच्यासारखाच, पण चिखलात त्याचे पाय रुतत नव्हते. त्याच्या बाहुलीने बेडूक उचलला. आमच्या बाहुल्या फक्त उचलतात. त्याच्या बाहुलीने गिळला. गळ्यातून खाली जाताना दिसला.

डॉक्टरबाई खिडकीपासून मागे सरकल्या. मलाही भीती वाटली, नाही म्हणत नाही. पण साहेबांच्या जीपचा आवाज आला तसे त्या झग्याने दोन्ही हात पसरले आणि सगळी पिल्लं लव्हाळ्यात पसार झाली. माणसाला घाबरायला शिकवतोय तो त्यांना! आमच्या हातून जे होत नव्हतं ते करतोय. मला बरं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटत नाही.

एकटं शेंडेफळ पळालं नाही. जीपकडे टकामका बघत उभं होतं, कुणीतरी बोलेल म्हणून.

बुधवार, १८ तारीख

पाहुणे परत आले. पिल्लं लपलेली. साहेब माझ्यावर डाफरले, की मी पिल्लांना बिथरवलं. मला आज्ञा झाली, एकाला तरी धरून आणा, फोटोपुरतं. मी ठाम नाही म्हटलं. ते माझ्या लायकीबद्दल काय काय बोलले ते लिहीत नाही. मग स्वतःच आत गेले, बाह्या सरसावून, शेंडेफळाला मानेला धरून ओढायला. लव्हाळ्यात शिरले.

शेंडेफळ एकटंच बाहेर आलं.

कंटाळून पाहुणे निघून गेले. त्यांना वाटलं, साहेब रुसले. आम्ही हाका मारल्या, काठ्या घेऊन लव्हाळी तुडवली. चिखलात बूट उमटलेले होते, थोड्या अंतरापर्यंत. पुढे नव्हते.

गुरुवार, १९ तारीख

आज दोन झगे.

दुसरा जाड आहे. डावा खांदा पाडून चालतो — साहेब चालतात तसा. बाहुलीने पिल्लांना अळ्या देतो, शिस्तीत. मी कुंपणाजवळ गेले. त्या झग्याच्या आतून साहेबांचा फोन वाजायला लागला. वाजत राहिला. त्याने उचलला नाही. वळलासुद्धा नाही.

मुख्य कार्यालयाला कळवलं. ते म्हणाले, साहेब दौऱ्यावर असतील, असे अधूनमधून जातात. ताईला फोन केला, ती म्हणाली तडक घरी ये.

जीपची किल्ली साहेबांच्या खिशात. बाहेर पडायची वाट एकच, तीही कुंपणातून जाते. डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या उजाडताच झगे घालून गुपचूप निघू, बोलायचं नाही, ते आपल्याला त्यांच्यातलेच समजतील.

शुक्रवार, २० तारीख

झगे घालून निघालो. अर्ध्या वाटेत शेंडेफळ आलं. डॉक्टरबाईंच्या पायात घुटमळलं. त्या घसरल्या आणि ओरडल्या. बस, एकदाच ओरडल्या — माणसासारख्या.

मी मागे पळाले. वळून पाहिलं नाही. नाही, पाहिलं.

तीन झगे.

मी एकटी जाऊ शकते. तोंड मिटून, झगा घालून. त्यांच्या मधून चालत गेले तर — जाऊ शकते. पण शेंडेफळ मला ओळखतं. झग्यातही. माझ्या मागे रस्त्यापर्यंत येईल, गाड्यांपर्यंत, माणसांपर्यंत. आणि मग फ्रीजर. ज्याला त्याला आई समजेल, माझ्यामुळे.

शनिवार, २१ तारीख

सकाळ. पिल्लं पंख झाडताहेत. वारा आहे. आज उडणार, नक्की.

शेंडेफळ माझ्या दारात बसलंय. माझ्या आवाजाची वाट बघत.

झगे कुंपणात उभे आहेत, सगळे इकडे तोंड करून. त्याला बोलवत नाहीत. थांबलेत. मीच करावं म्हणून थांबलेत —

त्याच दिवशी

केलं.

झगा काढला, जाळी काढली. उघड्या तोंडाने बाहेर गेले. त्याने मान पुढे केली, मांडीवर टाकायला. मी पत्र्याची बादली त्याच्यासमोर आपटली. ओरडले. घसा फाटेपर्यंत. घाण घाण शिव्या दिल्या, या जगाला द्यायच्या होत्या त्या सगळ्या. ते जागचं हलेना. मग मी — काठीने मारलं. पंखावर. माझ्या हाताने.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. तसं, जसं माणसाकडे पाहायला हवं.

पळालं. लंगडत, पंख उघडत — उडालं! बाकीच्यांच्या मागे. लव्हाळ्यावरून, तारांच्याही वरून. एकदाही वळलं नाही. शहाणं बाळ. फार शहाणं माझं —

रडू थांबत नाही. आवाज नको करायला. खूप आवाज केलाय मी.

झगे कुंपणात नाहीत.

व्हरांड्यात पावलं नाहीत, नुसतं कापड घासल्यासारखं. दार लावलंय. खिडकीची काच पांढरी झाली आहे, पूर्ण. ताई, माझ्यामागे कुणी इकडे येऊ नका. कुणालाच येऊ देऊ नका, प्रेमाने तर मुळीच नाही. त्यांना सांग, लांब रा