पिवळी तार, निळी तार

अण्णा, गिटारीच्या जुन्या तारा आज सकाळी उतरवल्या, नव्या चढवल्या. बोटं अजून काळी आहेत आणि तशाच हातांनी हे लिहायला बसले आहे. कागदाला डाग पडतील. तुम्ही असतात तर डागांबद्दल अवाक्षर काढलं नसतं, आधी विचारलं असतं, "कोणत्या आणल्यास, पिवळ्या का निळ्या?" तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक फ्रॉक घालून अंगणात कोंबड्यांमागे पळत होती. आता ती बीडला कॉलेजात जाते, मोबाइलवरून कुठल्या कुठल्या वस्तू मागवते, आणि परवा तिनंच विचारलं, "आई, अण्णाआजोबा तारांच्या कंपन्यांवरून एवढे का भांडायचे गं?" तिला उत्तर दिलं नाही. तुमचं भांडण तुम्हालाच सांगावं म्हणून लिहिते आहे.

आपल्या दिंद्रुडमध्ये तुमच्या गिटारीला कुणी गिटार म्हणत नव्हतं. लोक म्हणायचे, "अण्णाची खाट". चार पायांवर आडवी ठेवायची, समोर बसायचं, डाव्या हातात पोलादी दांडी, उजव्या बोटांत नख्या. तुटलेल्या एका ऑर्केस्ट्रातून तुम्ही ती आणली. तुमचे वडील, माझे आजोबा, मेंढरं राखणारे. ते म्हणाले, "मेंढक्याचं पोरगं हे लाकूड राखणार हाय का?" आणि तुम्ही राखलं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून मायच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनचं पायडल काढलं, सायकलच्या ब्रेकची तार त्याला जोडली आणि तिचं दुसरं टोक गिटारीच्या एका तारेला. पायडल दाबलं की ती तार ताणली जायची आणि सूर वर चढायचा, लेकराला कडेवर घ्यावं तसा. परदेशात असली पायडलवाली गिटार कारखान्यात बनते हे तुम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा तुम्ही हसलात, "म्हंजे आपुन येडे न्हाई." बँजो पार्टीच्या टेम्पोत मागच्या बाजूला बसून तुम्ही ती वाजवायचात आणि वरातीतली नाचरी पोरंसुद्धा दोन मिनिटं हात खाली सोडून ऐकायची. हे मी लेक म्हणून फुगवून सांगत नाही, मी पाहिलेलं आहे.

तारा मिळायच्या दोन प्रकारच्या. एकीचं पाकीट पिवळं, दुसरीचं निळं. कंपन्यांची नावं तुमच्या तोंडून कधी ऐकली नाहीत. पिवळी म्हणजे इथली, स्वस्त, लावल्या लावल्या खणखणीत, पण घाम लागला की लगेच गंज धरणारी. निळी बाहेरची, आवाजाला मऊ, टिकायला चिवट. "पिवळी नवरीसारखी, निळी सासूसारखी," असं तुम्ही म्हणायचात, आणि माय आतून म्हणायची, "सासूला बी कधी उकळून बगा." कारण लगीनसराई संपली की मळलेल्या तारा तुम्ही चहाच्या पातेल्यात उकळायचात. उकळल्या की मळ सुटतो आणि आवाज थोडा परत येतो. एकदा पाहुणे दारात आणि पातेल्यात तारा. माय तेव्हा जी कडाडली ती मला आजही पाठ आहे: "च्याच्या पातेल्यात तारा उकडायल्यात व्हय? आता पाव्हण्याला काय देऊ, वाटीभर गाणं?" पाहुणे हसले, तुम्ही हसलात. त्या दिवशी आपल्या घरात बिनदुधाचा, किंचित लोखंडी चवीचा चहा झाला आणि सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला.

मग ते वर्ष आलं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आल्या आल्या लक्षात आलं की तुमची पायडलची तार सारखी तुटते आहे. आधी पिवळी तुटली तर तुम्ही पिवळीला शिव्या घातल्या. मग निळी लावली, तीही तुटली. "कंपनीनं माल बदलला. आता निस्ता पत्रा हाय," म्हणालात. तुटत नव्हत्या त्या तारा तुम्हाला मेलेल्या वाटायच्या. आवाज बसलाय, धार गेलीय. शेवटी तुम्ही कस लावायचं ठरवलंत: एकाच गिटारीवर वरच्या तीन पिवळ्या, खालच्या तीन निळ्या. संबंध लगीनसराई दोन्ही एकाच हाताखाली, एकाच उन्हात, एकाच घामात राहतील आणि खरं काय ते कळेल. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला. शाळेत मी विज्ञान शिकवत होते, पण इतकी नीट परीक्षा मी कधी घेतली नव्हती. फक्त एक गोष्ट तुम्ही त्या परीक्षेत धरली नव्हती.

बाळंतिणीची खोली कशी असते ते तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही कधी उंबरा ओलांडून आत आला नाहीत. खिडकीला पोतं, बाजेखाली शेगडी, शेपाची धुरी. आणि वारं शिरू नये म्हणून कान बांधलेले. माय कानात कापसाचे बोळे घालायची, वरून फडकं करकचून बांधायची आणि त्यावर शाल. लेक रडली तरी मला ती दुरून रडल्यासारखी वाटायची. अशा एका दुपारी तुम्ही ओसरीवर बसून तारा तपासत होतात. एक तार छेडायची, थांबायचं, परत छेडायची, आणखी जोरात. मग तुमचा चिडलेला आवाज आला, माझ्यासाठी नाही, स्वतःशीच: "मेली बग. पिवळी बी मेली. कायीच बोलंना."

आणि मला ती ऐकू येत होती, अण्णा. बोळे, फडकं, शाल, मातीची भिंत, एवढ्यातून ती पिवळी तार मला लखलखीत ऐकू येत होती. मी आधी हसले. मग उठून बसले. मी आतूनच ओरडले, "अण्णा, ती मेली न्हाई! मला कान बांधून ऐकू यायलीय!"

बाहेर काहीच हललं नाही. मला वाटलं, तुम्ही हेही ऐकलं नाही. मग तुम्ही दाराशी येऊन म्हणालात, अगदी हळू, "बाळंतीन बाईनं असं वरडू न्हाई. दूध आटतं." आणि तुमच्या पायडलची किरकिर दूर गेली. तुम्ही खाट उचलून गोठ्याकडे नेली होती. त्या दिवसानंतर माझ्या कानाच्या टप्प्यात तुम्ही कधी तार तपासली नाही.

एकदा कळल्यावर सगळं उलगडलं. तारा तुटत नव्हत्या, तुम्ही तोडत होतात. स्वतःला ऐकू यावं म्हणून नखी जोरात मारत होतात, पायडल पार जमिनीला टेकवत होतात. कुणाला शंका आली नाही कारण बहिरं माणूस मोठ्यानं बोलतं असा आपला समज, आणि तुमचा आवाज तर दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. माय म्हणायची, "वयानं गरीब झालेत." वरातीच्या गोंगाटात सगळेच ओरडून बोलायचे, म्हणून तिथं तुम्हाला सगळं समजायचं. घरातल्या शांततेतच तुम्ही हरवायचात.

बाळाच्या बारशानंतर मी मायला सोबत घेऊन तुमच्यासमोर बसले. म्हटलं, अंबाजोगाईला जाऊ, कान दाखवू. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते अजून डोळ्यांपुढे आहे, मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं. "कावून? माझ्या कानाला काय धाड भरली? खोट तारेत हाय. दुकानदार जुना माल माथी मारायलाय." मी म्हटलं, "मग दुसऱ्या कुणाला वाजवायला द्या, तुटते का बघा." तुम्ही उठून गेलात. मायनं मलाच दटावलं, "बापाला असं उघडं पाडतेत व्हय?" मला तुमचा राग आला होता. खरं सांगते, आजही येतो. एवढी नीट परीक्षा मांडणारा माणूस, आणि उत्तर समोर आल्यावर पाठ फिरवली.

त्याच लगीनसराईत तलवाड्याच्या एका लग्नात ते झालं. तुमच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या काकांनी मला सांगितलं, तुम्ही कधीच नाही. मंगलाष्टकं चालू होती. त्यांच्या मधल्या जागेत हलकेच एक सूर धरायचा एवढंच तुमचं काम. मांडव अक्षता मुठीत धरून गप्प उभा, आणि त्या शांततेत तुम्हाला तुमचा सूर ऐकू येईना. तुम्ही जोर लावलात. तार तुटली, स्पीकरमधून ती गोळी सुटल्यासारखी वाजली, नवरीनं दचकून अंतरपाट धरला. म्हाताऱ्या बायका अपशकुन अपशकुन म्हणू लागल्या. पार्टीचा मालक, तुमचाच जुना दोस्त, सगळ्यांदेखत म्हणाला, "काय बे, लगीन लावाया आलाव का मोडाया?" तुम्ही म्हणालात, निळी तार खोटी निघाली. तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि मांडव हसला. ते हसू मात्र तुम्हाला स्पष्ट ऐकू आलं असणार. तुम्हाला नाचता येत होतं, अण्णा, आणि अंगणही सरळ होतं. तिसरंच काहीतरी वाकडं होतं आणि ते सांगायला तुमची जीभ रेटली नाही. पुढच्या लग्नाला मालकानं तुमच्या जागी कीबोर्डवालं पोरगं बसवलं.

त्यानंतर तुम्ही नऊ-दहा वर्षं जगलात, त्याला जगणं म्हणायचं असेल तर. ओसरीवर बसायचात. कुणी बोललं की मान हलवायचात, होला हो, नाहीलाही हो. माय वारली तेव्हा बायांचा हंबरडा तुमच्यापर्यंत पोचला नाही. तुम्ही लोकांचे चेहरे बघून उठलात. याच्याइतकं वाईट मी काही पाहिलेलं नाही.

एका दिवाळीला मी आले तर गोठ्यात तुम्ही गिटारीवर ओणवे झाला होतात. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर लाकडाची कड तुम्ही दातांत धरली होती, बैलानं दावण धरावी तशी, आणि एका बोटानं तार छेडत होतात. डोळ्यांतून पाणी. मला बघून तुम्ही दचकला नाहीत. कड न सोडताच खुणावलंत, वाजव. मी समोर बसले, दांडी घेतली, तुम्हीच शिकवलेली एक धून वाजवली आणि तुम्ही ती दातांनी ऐकलीत. शेवटी कड सोडून म्हणालात, "कोनची हाय ही?" मी म्हटलं, "पिवळी, अण्णा. जुनीच." तुम्ही ओठ पुसले. "चांगली हाय की. लई चांगली हाय. उगीच बदनाम केली बिचारीला." मग खाट माझ्याकडे सरकवलीत. "घेऊन जा. माझे दात बी आता हालायलेत." तो विनोद होता. मी हसले नाही, तुम्हीही हसला नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावर मी अंबाजोगाईला एका डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. माणूस नाही, नुसतं वर्णन घेऊन दवाखान्यात गेलेली मी पहिलीच असेन. दातांचं ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, कानातलं एक बारकं हाड आखडतं. आत ऐकण्याची ताकद असते, फक्त दार बंद होतं, म्हणून दातांच्या हाडातून सूर आत पोचतो. बहुतेकांचं लहानशा ऑपरेशननं सुटतं. मी रस्त्यावर येऊन रसवंतीच्या बाकावर बसले आणि तुम्हाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. ते आणखीही एक म्हणाले होते. हे घराण्यात उतरतं, आणि बायकांचं बाळंतपणानंतर वाढतं. ते मी ऐकून घेतलं आणि रसाचे पैसे देऊन घरी आले.

आता माझं सांगते. शाळेत मागच्या बाकावरची मुलं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मी त्यांना उभं करून दटावते, "आजकालच्या पोरांना बोलायला जोर नाही." मुख्याध्यापिका सभेत पुटपुटतात. घरातली बेल बिघडली म्हणून दोनदा बदलली. आणि गिटारीची तार मागच्या दोन महिन्यांत चार वेळा तुटली. चौथ्यांदा तुटली तेव्हा लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, किती जोरात मारतेस गं!" मी तिला म्हटलं, "तारा पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत." शब्द तोंडातून निघाले आणि मला गोठ्यातला वास आला.

तुम्ही अंबाजोगाईला का आला नाहीत ते मला आता समजतं. तारेचा दोष असला की दुकानात जाता येतं, नवी आणता येते. तारेला निर्दोष सोडलं की कोण उरतं? माझा राग गेला असं समजू नका. फक्त तो ठेवायला आता घरातच दुसरी जागा झाली आहे.

लेकीनं मोबाइलवरून दोन्ही पाकिटं मागवून दिली. पिवळ्यांचं पाकीट आता पिवळं राहिलेलं नाही, पण तारा त्याच. आज सकाळी वरच्या तीन पिवळ्या लावल्या, खालच्या तीन निळ्या. ती कॉलेजला निघता निघता दारात थांबून म्हणाली, "मग, कोणती चांगली?" तिनं दोनदा विचारलं, पहिल्यांदा मी फक्त तिचे ओठ पाहिले. म्हटलं, "आत्ताच कसं सांगू? लगीनसराई जाऊ दे." ती हसून गेली.

ती गेल्यावर मी दाराला कडी लावली. गिटारीच्या कडेवर तुमच्या दातांच्या खुणा अजून आहेत. त्यांच्या शेजारी माझे दात टेकवले आणि सहाही तारा एकेक करून छेडल्या. दोन्ही चांगल्या आहेत, अण्णा. लई चांगल्या आहेत. ती संध्याकाळी आली की परत विचारेल, आणि मी अजून ठरत नाही म्हणूनच सांगणार आहे.