आत्याचे मोजे उतरले, त्याची हकीकत

ती. मामा यांना भाचीचा नमस्कार. (साष्टांग, पण लांबूनच. तुमच्या पायांवर आमच्या घरात आजवर पुरेशी चर्चा झाली आहे.) कंबर कशी आहे? मामीची दाढ? दोघंही आधी बसून घ्या, कारण आपण जिंकलो!

माझे तळहात-तळपाय लहानपणापासून जाड, पिवळट, चपलेच्या तळासारखे. हे "आईच्या माहेरून आलं" असा निकाल आत्यानं मी रांगत असतानाच दिला होता. पुरावा काय, तर तुमच्या टाचांच्या भेगा. बाबांचे हात तसेच, पण ते सुतार, म्हणून ती रंध्याची कृपा. तिचे स्वतःचे? धुण्याभांड्यानं! आई बिचारी इतकी वर्षं ऐकून घेत आली.

आता मी प्रयोगशाळेत नोकरीला म्हटल्यावर गप्प कशी बसणार? मॅडमची परवानगी काढून सगळ्यांची लाळ तपासायला घेतली. (तुमची नळी कुरिअरमध्ये अर्धी गळली, उरलेली पुरली.) आत्याची तऱ्हाच वेगळी. लाळ देण्याआधी अर्धा तास चहा नाही म्हटल्यावर तिनं तो सगळा वेळ बोलण्यात घालवला आणि तोंड कोरडं ठाक. शेवटी आईनं समोर लिंबू कापलं. नळी काठोकाठ!

तर केरॅटिन-नऊ नावाचं एक प्रथिन असतं. तळव्यांच्या कातडीतल्या पेशींना ते आतून धाग्यांचा सांगाडा देतं. त्याच्या जनुकात एक अक्षर चुकलं की धागे लेचेपेचे होतात, जरा दाब पडला की पेशी फाटतात आणि कातडी घाबरून थरावर थर चढवते. ते चुकलेलं अक्षर माझ्यात सापडलं, बाबांच्यात सापडलं, आणि आत्यातही! तुम्ही आणि आई निर्दोष.

"मशीन बिघडलं असेल," आत्या म्हणाली.

आई आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर ताठ उभी राहिली. "वन्सं, मोजे काढा बघू." (बारा महिने मोजे, का तर थंडी बाधते!)

काढले. मामा, हुबेहूब माझेच पाय, फक्त वयानं मोठे. आत्यानं ते साडीखाली ओढून घेतले. "शाळेत मुली हसायच्या गं," म्हणाली आणि रडायलाच लागली. आई माझ्या मलमाची डबी घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. आपण जिंकल्याचं मी विसरूनच गेले. क्षणभरच, काळजी नको!

तुमची विजयी भाची

ता. क. : अहवालाची प्रत फ्रेम करायला टाकली आहे, तुमच्या बाहेरच्या खोलीसाठी.

ता. क. २ : आत्याला फार पश्चात्ताप झाला आहे. उठल्यापासून ती आईची माफी मागते. आई आंघोळीला गेली तर दाराबाहेरून मागते. आता तिला तुमचीही मागायची आहे, समक्ष आणि सविस्तर. बसचं तिकीट काढलं आहे. महिनाभर तरी ठेवून घ्या. आईनं हे पत्र त्यासाठीच लिहायला बसवलंय.