अंटार्क्टिकाच्या बोटीवर चढण्यापूर्वी निकेशची सोय

मी तानबा सीताराम वैरागडे, वय वर्षे बहात्तर, धंदा बर्फाच्या कारखान्याचा, राहणार बोरगाव मेघे, वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस घातलेले नाही. भीती मात्र वाटते आहे, आणि ती लपवून लिहिले तर कागद खोटा होईल, म्हणून आधीच नोंदवतो. शाळा सातवीपर्यंतची. पुढचे यंत्रांनी आणि वर्तमानपत्रांनी शिकवले. वकिलाची भाषा जमेल तिथे वापरली आहे, बाकी घरची आहे.

१. कारण. आमच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षे झाली. मुलगी दिपाली बंगळूरला असते. तिने आणि जावई धीरजराव यांनी विचारले, कुठे जायचे ते सांगा, खर्चाकडे पाहू नका. मला वाटले माझी पत्नी सुमती रामेश्वर म्हणेल. ती म्हणाली, अंटार्क्टिका. टीव्हीवर पाहिले होते म्हणे. मी विचारले, काऊन? तर म्हणाली, "पन्नास वर्षं तुमच्या अंगाले बर्फाचा वास येऊन राह्यला. कारखान्याबिगर तो कुठी होते, ते मले एकदा पाहू द्या." मुलीने त्याच आठवड्यात बोट ठरवून टाकली.

बोटीची चित्रे आली. खोलीला स्वतःचा सज्जा, न्हाणीघरात टब, जेवायला चार वेगळी ठिकाणे, दिमतीला एक माणूस. रबरी होडीतून बर्फावर उतरवण्याआधी आपले खिसे आणि शिवणी यंत्राने झाडून घेतात, कुठले बी तिथे सांडू नये म्हणून. इथवर मला मौज वाटत होती. मग फॉर्म आला. छाती, गुडघे, रक्तदाब, आणि शेवटून दुसऱ्या पानावर प्रश्न, की प्रवासात मृत्यू आल्यास कोणाला कळवावे आणि देह कुठे पोचवावा. नागपूरच्या प्रवास कंपनीत मयुरी नावाच्या बाई आहेत. त्यांना मी फोन करून विचारले, बोटीवर देह ठेवायला थंड खोली आहे का. त्या म्हणाल्या, "काका, सगळी सोय आहे, पण आपण चांगला विचार करू." तापमान किती ठेवतात, असेही विचारले. विचारून सांगते म्हणाल्या, त्याला आता तीन आठवडे झाले.

२. देहाबद्दल. मी चेष्टा करत नव्हतो. आमचा बर्फ लग्नांत जातो, रसवंतीत जातो, आणि मयतीलाही जातो. मुलगा पुण्याहून यायचा असतो, मुलगी दुबईहून, तोवर देह ठेवावा लागतो. मयतीच्या लादीचे आम्ही कधी मोल घेतले नाही आणि उरलेली लादी परत आणली नाही. फोन आला की कोण गेले हे विचारायचे नाही. कोण यायचे आहे आणि केव्हा पोचणार, एवढेच विचारायचे, त्यावरून लाद्या किती ते ठरते. पन्नास वर्षे हे केले. म्हणून तो चित्रातला पांढरा मुलूख पाहून लोक हरखतात तसा मी हरखत नाही. माझ्या मनात येते, इतकी तयारी कोणासाठी करून ठेवली असेल?

तरी सूचना अशी की, माझा देह कोणाची वाट पाहत बर्फात ठेवू नये. बोट पहिल्यांदा ज्या गावाला लागेल तिथे अग्नी द्यावा. राख आली तर आली.

३. मिळकत. बोरगाव मेघेचे राहते घर सुमतीच्या नावे, तिच्यामागे मुलगा निकेश याच्या नावे. बँकेतल्या ठेवींचे व्याज निकेशच्या खाण्यापिण्याला आणि औषधाला. दिपालीने हक्क नको असे स्वतः लिहून दिले आहे, ते पत्र कपाटात आहे. तिला माझ्या कात्रणांच्या वह्या द्याव्या, लहानपणी तीच चिकटवून देत असे. नालवाडीचा कारखाना, अमोनियाच्या यंत्रासकट, आमचा यंत्रचालक रत्नदीप याने चालवावा. बर्फाचे टोचे, चिमटे आणि मोठी करवत त्याचीच. पान्यांचा संच धीरजरावांना. ते कॉम्प्युटरवाले आहेत, पण पहिल्या दिवाळसणाला आमचा पंखा खोलून बसले होते. पंखा पुढे चालला नाही, पण माणूस कळला.

४. निकेश. हा आमचा मुलगा, दिपालीहून मोठा, वय बेचाळीस, समज चार वर्षांची. आंघोळ स्वतः करतो. पोळीचे चार तुकडे केले तरच खातो. कुकरच्या शिटीला भितो, म्हणून आमच्याकडे वरण पातेल्यात शिजते. दुपारी कारखान्यात लाकडाच्या भुशाच्या पोत्यावर बसतो आणि निघणाऱ्या प्रत्येक लादीला हात लावतो. बेचाळीस वर्षांत, यंदाच्या दिवाळीपर्यंत, आम्ही दोघे एकाच वेळी त्याला सोडून कुठे राहिलो नाही. माझ्या आतेभावाच्या मातीला मी गेलो तेव्हा सुमती घरी, तिच्या आईच्या वेळी मी घरी. आता दोघांनी एकाच बोटीत बसायचे, आणि वाटेतला समुद्र दोन दिवस बोटीला नुसता घुसळतो असे ऐकतो. आम्ही दोघेही परत आलो नाही तर निकेशचे कोण? हा सगळा कागद त्या एका प्रश्नासाठी आहे.

५. कबुली. १९८७ च्या मे महिन्यात निकेशला ताप भरला. तेव्हा तो शेजाऱ्यांच्या नकला करत असे. माझा बर्फावर गाढा भरवसा. ताप म्हणजे उष्णता, आणि उष्णता कशी काढायची हे वर्ध्यात माझ्याहून कोणाला जास्त कळते, अशी माझी घमेंड. सकाळपासून दुपार टळेपर्यंत मी त्याच्या कपाळावर, काखेत, तळपायाला बर्फ लावत राहिलो. ताप उतरला की मी खूश, चढला की आणखी बर्फ. झटके आले तेव्हा दवाखान्यात नेले. मेंदूज्वर निघाला. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला पाहिजे होते. सुमती तेव्हा बाहेर बाकावर होती. मी तिला ते सांगितले नाही.

बोट ठरल्यापासून मला वाटत होते, त्या बर्फात मला उभे करून ती हेच विचारणार. पळायला जागा नाही असे ठिकाण तिने मुद्दाम निवडले. तिथवर धीर धरवेना. गेल्या महिन्यात ती मेथी निवडत असताना मीच सांगून टाकले. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मले माहीत हाय. डॉक्टर मोठ्यानंच बोलले होते. आन् फडक्यात बर्फ बांधून कोण देत होतं तुम्हाले? मीच ना." मग काड्या वेगळ्या करायला जुडीतली अर्धी मेथी तिने माझ्यापुढे सारली.

६. पालक कोण. चुलतभाऊ मधुकरराव यांना आधी विचारले. ते म्हणाले, "त्याले का कळते, तानबा? आश्रमात टाक. चार रोज रडन, मंग इसरन." त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळू नये. तेरवीला जरूर बोलवावे, जेवू घालावे, सल्ला विचारू नये.

दिपाली म्हणाली, मी नेते बंगळूरला. ती मनापासूनच म्हणाली. पण तिचे घर चौदाव्या मजल्यावर, आणि निकेश लिफ्टच्या दारातच बसून राहील. तिच्यावर माझा राग नाही.

मग रत्नदीपला विचारले. बावीस वर्षे तो आमच्याकडे आहे. घर कारखान्याला लागूनच, घरी आई शोभाबाई. त्याने लगेच हो म्हटले नाही, हे मला आवडले. म्हणाला, "बाबूजी, कागदावर मंग लिहा. आधी दोन रोज ठेवून तं पाहा."

७. दोन दिवस. दिवाळी झाल्यावर निकेशला शोभाबाईंच्या हवाली करून आम्ही रोहण्याला सुमतीच्या माहेरी गेलो. पहिल्याच दिवशी संध्याकाळी रत्नदीपचा फोन आला, की निकेश जेवत नाही, फाटकाला धरून उभा आहे. मी पिशवी उचलली. सुमतीने माझ्या चपला उचलून मागच्या खोलीत नेल्या आणि दारात उभी राहिली. "आज वापस गेलो तं मंग कधीच जाता येणार नाई. बोटीनं नाई, आन् मराच्या वेळी बी नाई." मी बसलो. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, आणि तो दिवस मला पहिल्यापेक्षा जड गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नालवाडीला पोचलो. निकेश ओट्यावर शोभाबाईंच्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मी जवळजवळ पळतच गेलो. सुमतीने त्याचा हात धरला, तो त्याने सोडवून घेतला. टोपली मांडीवर ओढली आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, "उद्या येजो."

मी तिथेच पायरीवर बसलो. सुमती हसली. मग तिने पदर तोंडाला लावला, त्यामुळे पुढे ती हसत होती की रडत होती, ते मला दिसले नाही.

८. म्हणून लिहून ठेवतो की, आमच्यामागे निकेशचा पालक रत्नदीप. पालक नेमण्याचा अर्ज कलेक्टर ऑफिसातल्या समितीकडे दिला आहे, पोच जोडली आहे. दिपालीने यात हरकत घेऊ नये, भावाला भेटायला मात्र दरसाल यावे, आणि भेटायचे ते नालवाडीलाच.

बोटीच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्या. भीती आहे तेवढीच आहे. येत्या २ डिसेंबरला आम्ही निघू, तेव्हा वाटेत ऑटो नालवाडीला थांबेल. मी ऑटोतून उतरणार नाही. उतरलो तर मी बोटीवर पोचत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. निकेशला सुमती उतरवील.

हे मी वाचून, समजून सही केली. रत्नदीपला यात लाभ असल्याने त्याला साक्षीदार घेतलेले नाही.

(सही) तानबा सीताराम वैरागडे

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. अण्णाजी गणपत ठोंबरे, निवृत्त शिक्षक, बोरगाव मेघे
२. सुलोचनाबाई केशव डायगव्हाणे, शेजारी, बोरगाव मेघे

ठिकाण: बोरगाव मेघे, वर्धा
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५