घाबरट नव्हे, घबराट

बऱ्हाणपूर,
रविवार, दुपार

ती. सौ. प्रतिभाताईस,

धाकट्या सुलभाचा नमस्कार. (साष्टांगच समज. प्रत्यक्ष वाकले की हल्ली धाप लागते, म्हणून कागदावर भागवते आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? केळीला पाणी पुरतंय ना? म्हशी, मंडपवाला आणि आचारी सगळे ठणठणीत असोत. मी बरी आहे. म्हणजे बरी नाही, पण तू लगेच दाजींना हाका मारू नकोस, आधी पुढचं वाच.

दापोरा इथून हाकेच्या अंतरावर, हातात मोबाइल, आणि ही बया पत्र लिहितेय म्हणजे हिचं डोकं फिरलं की काय, असं तुला वाटेल. डोकं जागेवर आहे, फिरलाय तो श्वास. फोनवर दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला श्वास संपतो, मध्येच मोठा उसासा येतो आणि तुला वाटतं मी रडतेय. शिवाय तुझा फोन कायम स्पीकरवर. मागे मी तुला पोटाची तक्रार सांगितली तर उत्तर उखर्डूनं दिलं होतं. (तुमचा शेतावरचा सालदार भला माणूस आहे, पण एरंडेल किती घ्यायचं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं गं.) तोच आज केळीची गाडी घेऊन इथे आलाय, त्याच्याच हाती हे पत्र देते. पाकीट चिकटवलं आहे. उघडं मिळालं तर त्याला जाब विचार.

तर मुद्दा अठ्ठावीस तारखेचा. आपल्या हिमानीचं लग्न सव्वीस दिवसांवर आलं, आणि मंगलाष्टकं मी म्हणणार असं तू, मी आणि पत्रिकेनं मिळून ठरवून टाकलंय. ('मंगलाष्टके : सौ. सुलभामावशी' असं छापायची काय गरज होती? आता नाही म्हणायची सोय नाही राहिली.) आणि इथे माझा श्वास ओळ संपेपर्यंत पुरत नाही. मंगलाष्टकाची ओळ एकोणीस अक्षरांची. बाराव्या अक्षरावर थांबायला जागा, पुढे सात. सव्वीस वर्षं हे फळ्यावर पोरांना शिकवलं, आणि परवापरवापर्यंत स्वतः नवव्या अक्षरावर बसत होते.

सुरुवात कुठे झाली ते तुला माहीत आहे, रोहितच्या लग्नात तू पहिल्या रांगेत होतीस. पण तू तेव्हा पदराला बांधलेल्या अक्षता सोडत होतीस, म्हणून पुन्हा सांगते. माझ्या दिराचा एकुलता एक मुलगा, सातशे माणूस, माइक माझ्या हातात. पहिलं मंगलाष्टक झोकात गेलं. दुसऱ्याच्या शेवटी 'कुर्यात् सदा' म्हटलं आणि श्वास जो अडकला तो अडकलाच. छातीवर कोणी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. हातांना मुंग्या, तोंडाला कोरड. माइकमधून नुसतं 'मं... मं... मं...'. बँडवाल्या धर्मेंद्रला वाटलं, झालं वाटतं, हेच शेवटचं! त्यानं ढोल बडवला. अंतरपाट धरणाऱ्यांनी ढोल ऐकून अंतरपाट सोडला, रोहितनं समोर शीतल दिसताच माळ घातली, लोकांनी होत्या नव्हत्या त्या अक्षता उधळल्या. गुरुजी मात्र एकटेच तिसरं मंगलाष्टक म्हणत उभे. मुहूर्ताच्या नऊ मिनिटं आधी लग्न लागलं. आता त्या दोघांत भाजीत मीठ कमी पडण्यावरून जरी वाजलं, तरी माझी जाऊ म्हणते, 'सुलभानं वेळ चुकवली ना, मग दुसरं काय होणार!'

तेव्हापासून हे सुरू आहे. भाजी घेताना, स्टाफरूममध्ये, देवापुढे, कुठेही. आणि उपाय सांगणारे काय कमी आहेत बाप्पा! आमचे हे म्हणाले, गॅस आहे. ह्यांच्या मते जगातले सगळे आजार गॅसचे, भूकंपसुद्धा. तीन दिवस ओवा खाऊन माझी जीभ जळाली. मग ह्यांनी बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र आणलं. त्यात माझे अठ्ठ्याण्णव आले, ह्यांचे पंच्याण्णव, आणि तेव्हापासून हेच काळजीत आहेत. शेजारची आशाबाई म्हणाली, दृष्ट लागली. सात मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. (नियम असा, ठसका लागला नाही तर दृष्ट होती, लागला तर नव्हती.) आख्ख्या गल्लीला ठसका लागला. दृष्ट नव्हती हे सिद्ध झालं, पण माझा उरलासुरला श्वास गेला. राजघाटावर सकाळी योगवाले बसतात, तिथेही गेले. त्यांच्यासारखे भराभरा मोठे श्वास ओढले, तर गरगरून तापीच्या पायरीवरच बसले. दोन बायकांनी मला धरून रिक्षात घातलं.

शेवटी हे मला चौकातल्या नव्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पोरगा मूळचा हिंदी, पण मराठी पेशंट आला की मराठीतच बोलायचा त्याचा हट्ट. छातीला वायरी लावून पट्टी काढली, रक्त तपासलं, फुप्फुसांचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. मग खुर्ची पुढे ओढून अगदी मायेनं म्हणाला, "काकू, काळजी नाही करायची. तुम्ही घाबरट आहे."

ताई, घाबरट! मला! वर्गात साप निघाला तेव्हा फळा पुसायच्या डस्टरनं त्याला हाकलणारी मी! मी फी टेबलावर ठेवली आणि ह्यांना तिथेच सोडून घरी आले. पुढचे चार दिवस मी काय काय केलं ते विचारू नकोस. (विचार.) स्टुलावर चढून तीन वर्षांचा माळा एकटीनं साफ केला. स्कूटी काढून ट्रकांच्या गर्दीत तापीचा पूल ओलांडला, परत आले, पुन्हा ओलांडला. गल्लीतल्या ज्या कुत्र्याला सगळे टरकतात त्याच्या अंगावर गेले. ते बिचारं म्हातारं झालंय, त्यानं शेपूट हलवलं. घाबरट नाही हे सगळ्या गावाला दाखवून झालं, पण श्वास अडकायचा तो अडकतच होता.

पाचव्या दिवशी डॉक्टरशी भांडायलाच गेले. म्हटलं, कशावरून घाबरट म्हणालास? पोरगा लालबुंद. "काकू, मतलब... घबराहट! आपको घबराहट है, ये बोल रहा था मैं!" आता बघ, पन्नास वर्षं हिंदी गावात काढली, दूधवाल्याशी, भाजीवालीशी हिंदीत भांडले, आणि तो मराठी बोलला म्हणून मी मराठीच ऐकलं. मी तिथल्या तिथे त्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्याला व्याकरण लिहून दिलं. घाबरट हे विशेषण. ते माणसाला चिकटतं. घबराट हे नाम. ती येते आणि जाते. लिहिता लिहिता माझाच हात थांबला गं. म्हणजे मला झालंय ते जाणारं आहे! रडूच आलं मला. आणि हेही आठवलं, की सव्वीस वर्षांत किती पोरांना मी खुशाल विशेषणं चिकटवली असतील, ढ म्हणून, रडका म्हणून. त्यांची मुलं आता त्याच शाळेत आहेत.

मग त्यानं शिकवलं ते तुलाही सांगते, लग्नाच्या धावपळीत लागेल. म्हणाला, काकू, तुम्ही श्वास घेताय, घेताय, सोडतच नाही. भरलेल्या हंड्यात पाणी ओतून काय होणार? आधी सोडा. खांदे खाली, चार आकडे मोजत नाकानं सावकाश घ्या, आणि सहा आकडे मोजत ओठांचा चंबू करून सोडा, गरम चहावर फुंकर घालता तसं. घबराट आली की तिच्याशी कुस्ती करू नका, बसून राहा, पाहुण्यासारखी थोड्या वेळानं उठून जाईल. (आपल्याकडचे पाहुणे त्यानं पाहिलेले नाहीत.) शिवाय छातीत कळ निघाली, चक्कर येऊन पडलात, तर मात्र फुंकर घालत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं, असंही बजावलं.

तर आता रोज सकाळ-संध्याकाळ फुंकर चालू आहे. ह्यांचा चहा गार होतो, हे कुरकुरतात, पण मुंग्या गेल्या, धापही बरीच कमी झाली. परवा स्टाफरूममध्ये घबराट आली होती, मी मोजत बसले, गेली. पण मंगलाष्टक म्हणायला घेतलं, की बाराव्या अक्षरापर्यंत नीट जाते आणि पुढची सात अक्षरं राहतात. नवव्यावरून बाराव्यावर आले हीच काय ती प्रगती. घरही सध्या फार शांत आहे, त्यानंही होत असेल. हिमानी लग्नाच्या तयारीला तुमच्याकडे आली त्याला महिना झाला. पहिलीला दप्तर घेऊन आली होती आमच्याकडे, सतरा वर्षं राहिली. तिच्या खोलीत मी आता पापड वाळत घालते, तिथे जायला मला पापडाचं कारण लागतं.

म्हणून विचार करून सांगते, रागावू नकोस. खंडव्याची ती ऑर्केस्ट्रावाली बाई आहे ना, तिला मंगलाष्टकांसाठी सांगून टाक. हिमानीच्या लग्नात मला 'मं मं' करायचं नाही. नवरदेवाचं नाव समाधान, आणि लग्न माझ्यामुळे बिघडलं तर मला जन्मात समाधान मिळायचं नाही. पत्रिकेत नाव आहे ते असू दे, लोक पत्रिका कुठे वाचतात, जेवणाची वेळ तेवढी बघतात.

दाजींना नमस्कार, हिमानीला आशीर्वाद, उखर्डूला म्हणावं पाकिटाला हात लावू नको.

तुझी,
सुली

ता. क. ऑर्केस्ट्रावालीला सांगितलं नसशील तर सांगू नकोस. मागे मी तिला ऐकलंय, 'पाणिग्रहण'चं 'पानीग्रहन' करते. माझ्या भाचीचं लग्न आहे, नळाचं कनेक्शन नाही.

ता. क. २. आणि सांगून टाकलं असशील तर आजच्या आज फोन करून रद्द कर. कशी माणसं तुम्ही, धाकटी बहीण एकदा नाही म्हणाली की लगेच दुसरी शोधता!

आता शेवटचं, आणि हे दाजींना वाचून दाखवायचं नाही. श्वासाचं मी वर लिहिलं ते खरं, पण अर्धंच. बाकीच्या सगळ्या ओळी मी एकोणीसच्या एकोणीस म्हणते, आज सकाळीच म्हटल्या. अडते ती एकच, मी स्वतः रचलेली :

तापीच्या तिरि ही कळी उमलली, माझी हिमानी गुणी

'उमलली'पर्यंत मी ठणठणीत. पुढे 'माझी' आलं की गाडी सरकत नाही. रोहितच्या लग्नातही त्याच्या मागे करवली म्हणून हिमानी उभी दिसली, आणि आता पुढची हीच, असं मनात आलं तेव्हाच श्वास गेला होता. माइकचं आणि गर्दीचं मी डॉक्टरला उगाच सांगितलं. ताई, जन्म तू दिलास. माझ्या पदरी मूल नाही म्हणून तू तुझं काळजावर दगड ठेवून इकडे धाडलंस, आणि शाळा चांगली म्हणून पाठवते असं सांगून माझा मान राखलास. आता तू शेजारी उभी असताना सातशे माणसांपुढे मी 'माझी' म्हणायचं? 'तुझी' घालून पाहिलं, पण 'तु' ऱ्हस्व, वृत्त मोडतं. 'आमची'नंही मोडतं. 'मोठी' बसतं, पण पाच फूट एक इंचाच्या मुलीला मोठी कुठे म्हणू? उखर्डू उद्या पुन्हा गाडी घेऊन येणार आहे, त्याच्याकडे हो किंवा नाही एवढंच सांगून पाठव. कशाचं ते त्याला सांगू नकोस.

'माझी' म्हणू का गं?