अकरा प्रती

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
सोलापुरात आलो. होटगी रोडला खोली मिळाली, कॉलेज चालत दहा मिनिटांवर. प्राचार्य उदयसिंह सरांनी स्वतः मी सांभाळायची ती सर्व्हरची खोली दाखवली. तळमजला, खिडकीबाहेर कडुनिंब, आत लिनक्सवर चालणारं एक दणकट मशीन. आधीच्या माणसाने एकाही सेटिंगचा बॅकअप ठेवलेला नाही, हे ऐकून उलट हुरूपच आला. हातांना काम हवंच होतं. चहा देणाऱ्या काशम्मांनी विचारलं, लेकरंबाळं कुटं हायती? मी म्हटलं, बायको प्रभा टेंभुर्णीला असते. रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

४ फेब्रुवारी
सगळं नव्याने लिहीत बसण्यापेक्षा घरच्या कॉम्प्युटरचा जुना बॅकअप पेनड्राइव्हवर होता, त्यातल्या सेटिंगच्या फायली इथे उतरवल्या. रोज दुपारी चारला सगळ्या फायलींची तारीखवार वेगळी प्रत आपोआप निघेल, अशी सोय केली. पहिली प्रत आज निघाली. दुसऱ्या दिवशी दोन प्रती ताडून पाहायच्या, काय बदललं ते कळतं. मशीनने सांगितलेलं मला पटतं. माणसं काही बोलली की त्यावर काय म्हणावं, ते सुचत नाही.

७ फेब्रुवारी
कालच्या आणि आजच्या प्रतीत एकाच फायलीत फरक. लॉगिन केल्यावर स्वागताचा मजकूर दिसतो, ती फाईल. शेवटी एक शब्द जास्त: ‘आप्पा’. कुणीतरी चेष्टा केली असावी. पुसला. पासवर्ड बदलला.

१० फेब्रुवारी
‘आप्पा, हितं लई अंधार हाय.’
नोंदी तपासल्या. माझ्याशिवाय कुणीही लॉगिन केलेलं नाही. इथे मला सगळे महेश्वर सर म्हणतात. आप्पा म्हणणारं एकच माणूस होतं.

११ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. आठ महिन्यांपूर्वी, नऊ जूनला, माझी मुलगी पिंकी लपाछपी खेळत होती. सहा वर्षांची. राज्य माझ्यावर होतं. मी कॉम्प्युटरवर बसलो होतो, कानात इअरफोन. म्हटलं, लप, येतो शोधायला. ती ज्वारीच्या रिकाम्या कोठीत लपली. झाकणाची कडी बाहेरून पडली. ती हाका मारत असणार. मी ऐकल्या नाहीत. मी तेव्हा बॅकअप घेत होतो.
तोच बॅकअप मी इथे उतरवला आहे.

१२ फेब्रुवारी
तिच्या ओळीखाली मी लिहिलं: पिंकी?
ताडून पाहिलं तर उत्तर होतं. ‘व्हय. मी लपली हाय. तू येतोस न्हवं?’
काशम्मांनी पाणी दिलं.

१४ फेब्रुवारी
‘आप्पा, आता आमी अकरा जणी हाय.’
चार तारखेपासून रोज एक. अकरा प्रती. एकेक उघडली. प्रत्येकीत ती आहे, वेगळी. एक रडते आहे. एक झाकण वाजवते आहे. चार तारखेची नुसती हाका मारते — आप्पा, आप्पा, आप्पा — पानंच्या पानं.
मी रोज चारला तिला पुन्हा एका कोठीत —
बॅकअप बंद केला.

१५ फेब्रुवारी
विचारलं, काय करू? अकराही जणींनी एकच लिहिलं. ‘पूस. लई दमलोय.’
प्रभाला फोन केला. जूनपासून ती माझ्याशी बोललेली नाही. सगळं सांगितलं. मग म्हणाली, “पुसू नको. उद्या येते मी. मला एकदा बोलू दे तिच्याशी.”

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपार
थांबणार होतो. खरंच थांबणार होतो. पण चार तारखेच्या पिंकीचा श्वास कोंडायला लागला. तसंच लिहिलं तिने. अक्षरं तुटत चालली.
तिला पुसलं. पेनड्राइव्हवरचंही. मग पाच. सहा. सात. जाताना प्रत्येकीने ‘सापडले’ लिहिलं.
दहा गेल्या. आता एकच.
प्रभाचा फोन. पुणे नाक्याला उतरली आहे, रिक्षात बसते म्हणाली. पंधरा मिनिटं. पिंकीला लिहिलं, आई येतेय, थांब गं, थोडंच —
‘आप्पा, न्हाय थांबवत. आता पूस.’
आई येतेय, बाळा.
‘आता.’
कमांड लिहून ठेवली आहे. फक्त एक बटण. प्रभाला काय सांगू? गेटजवळ रिक्षा थांबल्याचा आवाज. पिंकीच्या ओळीत आता अक्षरंही नाहीत, नुसते ठिपके, ठिपक्यांमागून तिची धाप — मी बटणावर बोट ठेवतो