आईची सही

स्फाक्स, १४ मार्च

प्रिय नाजी,

चार महिने लिहिलं नाही, माफ कर. खोटं लिहायचा कंटाळा आला होता.

"आईला कर्करोगाचं कळता कामा नये," असं तू मार्सेहून बजावलंस. मी दोन वर्षं तिला अल्सर सांगत राहिले. तुला रजा मिळेना, म्हणून तीच तुझ्याकडे यायला निघाली. व्हिसासाठी प्रवासविमा हवा. अर्जात गंभीर आजाराचा रकाना होता आणि खाली तिची सही.

एजंट कुजबुजला, "ताई, 'नाही' लिहा. सगळे तेच करतात."

मी लिहिणारच होते. आईने पेन काढून घेतलं, चष्मा लावला आणि त्याला विचारलं, "बाळा, सरळ कर्करोग लिहू, की 'ते वाईट दुखणं' चालतं तुमच्यात?"

मग माझ्याकडे वळली. "तू आणि नाजी, दोघं इतक्या मायेनं खोटं बोलत होतात, ते मला मोडवेना."

कंपनीने विमा नाकारला. आता ती येणार नाही. मला तिचा अभिमान वाटायला हवा. पण येतो तो तुझा राग, आणि माझाही.

जिना उतरताना म्हणाली, "नाजीला यातलं काही सांगू नकोस. बिचाऱ्याला झोप लागायची नाही."

म्हणून हे पत्र तुला मिळणार नाही.

तुझी बहीण,
वसीला

उद्या: नाजीला फोन करून, व्हिसा मिळाला नाही असं सांगणे.